चाकांवरचे बिऱ्हाड आणि हिवाळ्यातले वाळवंट

अमेरिकेचा हिवाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बर्फाखाली दबलेली छपरे येतात. मुलाकडे अगर मुलीकडे डिसेंबरात गेलेले आईवडील काचेआड बसून महिने मोजतात, हेही आपल्या ऐकिवात असते. परंतु त्याच देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात या दिवसांत लख्ख ऊन पडलेले असते. अ‍ॅरिझोना राज्यातील फीनिक्स शहर आपल्या जम्मूच्या जवळपासच्या अक्षांशावर आहे. जानेवारीतील दुपारी तेथे एकोणीस-वीस अंश तपमान असते आणि स्वेटर काढून हातावर घ्यावा लागतो. जून-जुलैत हेच शहर पंचेचाळीस अंश ओलांडून भाजून निघते. म्हणून तेथील वाळवंट पाहण्याचे दिवस नोव्हेंबर ते मार्च, आणि त्यांतही जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हे उत्तम.

हे ज्ञान अमेरिकनांना आणि कॅनडावासीयांना चांगलेच ठाऊक आहे. उत्तरेकडील थंड राज्यांतून हजारो निवृत्त जोडपी थंडीची चाहूल लागताच दक्षिणेकडे निघतात आणि एप्रिलच्या सुमारास परततात. त्यांना तेथे ‘हिमपक्षी’ असेच नाव आहे. त्यांतील बरेचसे आपले घर बरोबर घेऊन हिंडतात. स्वयंपाकघर, बिछाने, न्हाणीघर आणि शौचकूप एकाच मोठ्या मोटारीत बसवलेले हे वाहन तेथे ‘आर. व्ही.’ या दोन अक्षरांनी ओळखले जाते. आपण त्याला मोटारघर म्हणू.

भारतीय कुटुंबाला, विशेषतः ज्यांच्या घरात वडीलधारी माणसे आहेत अशा कुटुंबाला, हे वाहन किती सोयीचे आहे हे सांगायला हवे. दर रात्री सामान सोडण्या-बांधण्याचा त्रास नाही. पथ्याचे जेवण चुलीवर तयार. ज्यांना मधुमेहामुळे वेळेवर चार घास लागतात, ज्यांना रात्री दोनदा उठावे लागते, ज्यांचे गुडघे दुखले की ताबडतोब आडवे व्हावे लागते, अशांना साध्या मोटारीतून तीनशे मैल नेणे ही शिक्षा आहे. मोटारघरात ती राहत नाही. मात्र गाडी चालू असताना प्रत्येकाने पट्टा बांधून जागेवर बसलेच पाहिजे. धावत्या गाडीत चहा करीत उभे राहण्याची कल्पना मनातून काढून टाकावी.

माझ्या थोरल्या बहिणीचे बिऱ्हाड फीनिक्सला आहे. एका हिवाळ्यात आमचे आईवडील तिच्याकडे राहिले, तेव्हा असा प्रवास आखण्याचे काम आम्हां दोघी बहिणींकडे आले. ती तिकडे आणि मी दिल्लीत, रोज रात्री नकाशा पुढे घेऊन बोलत असू. बाबांचे वय चौऱ्याहत्तर, हृदयावर एक शस्त्रक्रिया झालेली. नागपूरच्या डॉक्टरांनी जाण्यास हरकत घेतली नाही, पण दोन अटी घातल्या. रात्रीचा मुक्काम उंचावर करावयाचा नाही. आणि मोठे इस्पितळ दोन तासांच्या अंतराबाहेर जाऊ द्यावयाचे नाही. भारतातून काढलेल्या प्रवासविम्यात जुने दुखणे बहुधा वगळलेले असते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या दुसऱ्या अटीचे वजन कळेल. बाबांची स्वतःची अट एकच होती. शाळेच्या भूगोलात वाचलेली ग्रँड कॅन्यन नावाची घळ त्यांना पाहावयाची होती, आणि ती नेमकी उंचावर आहे.

अशा प्रवासाची आखणी करताना पहिले काम जोडण्याचे नसून खोडण्याचे असते. नकाशावर सगळे जवळ दिसते. न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स येथे पावणेतीनशे चौरस मैलांवर जिप्समची पांढरीशुभ्र वाळू पसरली आहे; उन्हातही ती पायाला भाजत नाही. कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खाली जाते. दोन्ही पाहण्याजोगी आहेत आणि दोन्ही आम्ही खोडली. व्हाइट सँड्सला जाऊन-येऊन साडेपाचशे मैल वाढत होते. मोटारघर एका गॅलनमध्ये जेमतेम आठ-दहा मैल जाते, वाऱ्यात डुलते आणि वळताना शेपटीकडची बाजू बाहेर फेकते. दिवसाला दीडशे मैल ही मर्यादा मानावी. डिसेंबर-जानेवारीत साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा चार वाजता मुक्कामी पोचलेले बरे. गाडी मागे घेताना एक माणूस खाली उतरून मागे उभा राहिलाच पाहिजे, आणि चालकाला तो आरशात दिसला पाहिजे.

वाहन भाड्याने घेताना लांबीचा मोह टाळावा. चार माणसांना पंचवीस फूट पुरे. भारतीय परवान्यावर गाडी चालवणार असाल तर निघण्यापूर्वीच आपल्या परिवहन कार्यालयातून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा. पारपत्र आणि व्हिसाचे कागद घरी ठेवू नयेत. मेक्सिकोच्या सीमेलगतच्या रस्त्यांवर तपासणी नाकी असतात आणि तेथे ते दाखवावे लागतात.

आता पाण्याविषयी. मोटारघराच्या पोटात तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी न्हाणी व भांड्यांच्या सांडपाण्याची, तिसरी शौचकूपाची. पंचवीस फुटी गाडीत स्वच्छ पाणी साधारण दीडशे लिटर मावते. तळावर नळाची जोडणी असली तर प्रश्नच नाही. पण सरकारी उद्यानांतील बहुतेक तळांवर ती नसते, आणि मग दीडशे लिटरांत चौघांचे दोन-तीन दिवस निभवावे लागतात. शिवाय गंमत अशी, की स्वच्छ टाकी रिकामी होण्याआधी सांडपाण्याची भरते. ते पाणी वाळवंटात सोडून देण्यास मनाई आहे; ठरलेल्या जागी नळी लावून रिकामे करावे लागते. आधी शौचकूपाची टाकी सोडावी आणि मग सांडपाण्याची, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते. अमेरिकन लेखक या विषयावर पानेच्या पाने खर्ची घालतात. मारवाडात किंवा मराठवाड्यात उन्हाळा काढलेल्या गृहिणीला त्यातले काहीही शिकवावे लागणार नाही. आमच्या आईने पहिल्याच दिवशी एक बादली व एक तांब्या विकत घ्यावयास लावला, आणि फवाऱ्याखालची अंघोळ बंद झाली.

स्वयंपाक प्रोपेन गॅसवर होतो. मोहरी-हिंगाची फोडणी पडली की धुराची घंटा कर्कश वाजू लागते, तेव्हा आधी खिडकी उघडावी आणि पंखा लावावा. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवून झोपू नये. त्या वायूने बंद गाडीत माणसे दगावली आहेत. रात्रीचे तपमान दोन-तीन अंशांवर येते आणि उंच भागात शून्याखाली जाते. गारठा फार असला तर बाहेरची पाण्याची नळी रात्री काढून ठेवावी, नाहीतर सकाळी तिच्यात बर्फाची कांडी सापडते.

आमची वाट अशी ठरली: फीनिक्सहून टूसॉन, तेथून पूर्वेला बेन्सन, मग उलट पश्चिमेला आहो, युमा, क्वार्ट्‌साइट आणि परत फीनिक्स. सुमारे हजार मैल, चौदा दिवस.

टूसॉनच्या दोन्ही अंगांना सग्वारो राष्ट्रीय उद्यानाचे दोन भाग आहेत. तेथले लोक या नावाचा उच्चार ‘सवारो’ असा करतात. १९३३ साली हे स्थळ संरक्षित झाले आणि १९९४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सग्वारो हा निवडुंगच, पण आपल्या कुंपणावरच्या निवडुंगाची आठवण मनात ठेवून गेलात तर चकित व्हाल. चाळीस फुटांपर्यंत उंच जाणारा हा हिरवा खांब पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो. पालो व्हर्डे नावाच्या झाडाच्या सावलीत तो लहानाचा मोठा होतो. पहिला हात फुटण्यास पन्नास ते पंचाहत्तर वर्षे लागतात, आणि दीडशे वर्षांहूनही अधिक तो जगतो. त्याच्या अंगावरच्या उभ्या चुण्या पाऊस पडला की फुगतात आणि कोरड्या दिवसांत पुन्हा मिटतात. म्हणजे प्रत्येक झाड स्वतःची टाकी स्वतःच वागवते. हे सोनोरा वाळवंट तसे ओसाड नव्हेच. टूसॉनला वर्षाकाठी तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो दोन हप्त्यांत: थोडा हिवाळ्यात हलक्या सरींनी आणि बाकीचा जुलै-ऑगस्टमध्ये गडगडाटासह. त्या दुसऱ्या पावसाला तेथेही ‘मॉन्सून’च म्हणतात! उद्यानाच्या हद्दीत मोटारघराचा तळ नाही. बाहेर अनेक आहेत. जवळच असलेले अ‍ॅरिझोना-सोनोरा वाळवंट संग्रहालय १९५२ पासून चालू आहे. मुले बरोबर असतील तर एक पूर्ण दिवस त्यालाच द्यावा.

येथे एक सावधगिरी. चोया नावाचा दुसरा एक निवडुंग आहे, त्याचे काटेरी गोळे नुसत्या स्पर्शाने कपड्याला व कातडीला चिकटतात. हाताने ओढू गेल्यास ते हाताला चिकटतात. खिशात एक दातेरी फणी ठेवावी. फणी गोळ्याखाली घालून तो झटक्याने उडवावा. दुसरे, या भागातील मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर ती फुप्फुसात जाऊन ‘व्हॅली फीवर’ नावाचा आजार होऊ शकतो. घरी परतल्यावर खोकला-ताप रेंगाळला तर आपल्या डॉक्टरांना अ‍ॅरिझोनाला जाऊन आल्याचे अवश्य सांगावे. धुळीचे वादळ आलेच तर गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, हातब्रेक लावावा, सगळे दिवे मालवावेत आणि ब्रेकवरचा पायसुद्धा काढावा. मागून येणारा चालक तुमचा तांबडा दिवा पाहून त्याच्या मागे येतो आणि धडकतो.

बेन्सनला जाण्याचे कारण म्हणजे क्रौंच पक्षी. तेथून सत्तरएक मैलांवर व्हाइटवॉटर ड्रॉ नावाची उथळ पाणथळ जागा आहे. उत्तरेकडून आलेले हजारो करडे क्रौंच तेथे हिवाळा काढतात. पहाटे ते शेतांत चरायला जातात आणि दुपारच्या सुमारास थव्याथव्यांनी परततात, म्हणून म्हाताऱ्या माणसांना काळोखात उठवण्याची गरज नाही. राजस्थानातील खीचन गावी ज्यांनी करकोच्यांचे थवे उतरताना पाहिले आहेत, त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. पक्षी निराळे, पण आकाश भरून टाकण्याची रीत तीच. आमच्या आईला सबंध प्रवासात हीच दुपार सर्वांत आवडली. तिला प्रवासवर्णनांत नावाजलेली स्थळे फारशी भावत नाहीत.

टूसॉनहून पश्चिमेला जाणारा रस्ता टोहोनो ओ’ओडम या आदिवासी राष्ट्राच्या भूमीतून जातो. जून महिन्यात हे लोक सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्यांची लांब काठी करून त्याची फळे पाडतात आणि त्यांचा पाक करतात. त्यांच्या परंपरेत हे झाड माणसासारखेच मानले जाते. वाटेत डावीकडे किट शिखरावर वेधशाळांचे पांढरे घुमट दिसतात. १९५८ साली ही जागा भाड्याने देण्यापूर्वी जमातीच्या वडीलधाऱ्यांना विद्यापीठात नेऊन दुर्बिणीतून चंद्र दाखवण्यात आला होता. खगोलशास्त्रज्ञांना त्यांनी नाव दिले ‘लांब डोळ्यांची माणसे’. शिखराची उंची एकवीसशे मीटर. आम्ही खालूनच नमस्कार केला. या भूमीवर मुख्य रस्ता सोडून हिंडणे अथवा विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेणे योग्य नव्हे.

पुढे ‘आहो’ नावाचे जुने तांब्याच्या खाणीचे गाव लागते. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ लसूण. गावाच्या पाटीपाशी आईने बाबांना दोनदा हाक मारून घेतली, असे बहिणीने मला कळवले. ऑर्गन पाइप निवडुंगाचे राष्ट्रीय स्मारक येथून पस्तीसएक मैल दक्षिणेला आहे. तेथील तळावर ना वीज ना नळ, आणि रात्री आकाश ताऱ्यांनी ओसंडून वाहते. तेथेच राहावे असे सर्वांच्या मनात होते. पण डॉक्टरांची दोन तासांची अट मोजून पाहता मुक्काम आहोलाच करावा लागला. स्मारक दिवसा पाहिले. तेथील एकवीस मैलांच्या डोंगरी फेरीवर पंचवीस फुटांहून मोठ्या गाड्यांना मज्जाव आहे. गाडी घेताना लांबीचा मोह टाळा म्हणून वर सांगितले, ते यासाठीही.

युमा म्हणजे कोलोराडो नदीकाठचे हिरवे गाव. वर्षाचा पाऊस ऐंशीएक मिलिमीटर, पण नदीचे कालवे असल्यामुळे हिवाळ्यात अमेरिकेतील पालेभाजीचा बहुतांश पुरवठा या आणि शेजारच्या इम्पीरियल खोऱ्यातून होतो. मेडजूल खजुराच्या बागाही येथे आहेत. १९२७ साली मोरोक्कोतून आणलेल्या अवघ्या अकरा रोपांपासून अमेरिकेतील मेडजूलची लागवड वाढली.

युमाहून साठ मैलांवर कॅलिफोर्नियातील एल सेंट्रो आहे, तेथे भारतीय वाचकाने एक दिवस जरूर काढावा. समुद्रसपाटीहून खाली असलेल्या या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील शेतकरी येऊन राबले. मायदेशाहून बायका आणणे शक्य नव्हते, म्हणून अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी विवाह केले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. अमृतसर जिल्ह्यातून आलेले दलीपसिंग सौंद यांनी बर्कलीत गणिताची डॉक्टरेट मिळवली आणि तरीही याच खोऱ्यात शेती केली. १९४६ चा कायदा झाल्यावर १९४९ मध्ये ते नागरिक झाले, आणि १९५६ च्या निवडणुकीत अमेरिकन काँग्रेसवर निवडून जाणारे पहिले आशियाई वंशाचे सदस्य ठरले. बाबांना हे नाव ठाऊक होते. त्यांनी बांधावर गाडी थांबवायला लावली आणि कोथिंबिरीचा वाफा कोठे दिसतो का ते पाहिले.

युमाच्या उत्तरेला ऐंशी मैलांवर क्वार्ट्‌साइट. एरवी काही हजार वस्तीचे हे गाव जानेवारीत मोटारघरांनी फुलून जाते. चहूकडे वाळवंटात पांढऱ्या गाड्यांची नगरीच उभी राहते. सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारणपणे चौदा दिवस फुकट राहता येते, आणि काही नेमलेल्या क्षेत्रांत शुल्क भरून सबंध हंगाम काढता येतो. दगड, मणी, जुनी हत्यारे, फाटकी पुस्तके असा बाजार भरतो. मला विचाराल तर बाजारासाठी एक सकाळ पुरे. पण गावच्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, माथ्यावर उंटाची आकृती असलेला. तो चुकवू नये. १८५६ साली अमेरिकन सैन्याने वाळवंटातील वाहतुकीसाठी उंट आणले आणि त्यांच्याबरोबर उंटवालेही. त्यांतील हाजी अली यांचे नाव तेथल्या जिभांवर ‘हाय जॉली’ झाले. यादवी युद्धानंतर उंटांचा प्रयोग बारगळला, उंट विकले गेले, काही मोकाट सुटले. हाजी अली तेथेच राहिले आणि १९०२ मध्ये वारले. १९३५ साली राज्याच्या रस्तेखात्याने त्यांचे हे स्मारक बांधले.

राहता राहिली ग्रँड कॅन्यन. दक्षिण काठाची उंची सुमारे एकवीसशे मीटर, म्हणजे आपल्या शिमल्याच्या किंवा उटीच्या जवळपास. हिवाळ्यात काठावर बर्फ असते. उत्तर काठाचा रस्ता तर बंदच असतो. दक्षिण काठावर मोटारघरांसाठी वीज-पाण्याचा तळ आहे, तो बाराही महिने चालतो आणि धडधाकट माणसांना तेथे राहण्यात मौज आहे. आम्हांला ते शक्य नव्हते. मोटारघर फीनिक्सला परत केले: टाक्या रिकाम्या करून, गॅस भरून, उरलेले तांदूळ-डाळ बहिणीच्या फडताळात ठेवून. दोन दिवस विश्रांती झाली. मग साध्या मोटारीने कॅम्प व्हर्डे या हजार मीटरांच्या आतल्या गावी मुक्काम केला, आणि सकाळी निघून विल्यम्सला आगगाडी गाठली. १९०१ साली सुरू झालेली ही गाडी मध्यंतरी बंद पडून १९८९ पासून पुन्हा धावते. काठावर तीन-साडेतीन तास मिळतात आणि संध्याकाळी तीच परत आणते. रात्री पुन्हा खाली कॅम्प व्हर्डेला. हिमवर्षावाचा इशारा असेल तर हा दिवस पुढे ढकलावा, म्हणून हाताशी दोन दिवस राखून ठेवावेत. आम्हांला त्यांतला एक लागला. परदेशी पाहुण्यांसाठी २०२६ च्या जानेवारीपासून शुल्काचे नियम बदलले आहेत: रहिवाशांना ८० डॉलरना मिळणारा वार्षिक पास त्यांना २५० डॉलरना पडतो, आणि पास नसल्यास ग्रँड कॅन्यन धरून अकरा उद्यानांत माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात. निघण्यापूर्वी हिशेब करून पाहावा.

स्थानकापासून काठापर्यंत थोडासाच चढ आहे. बाबा तो तीन वेळा थांबून चढले. वर पोचल्यावर कठड्याशी एका बाकावर ते बसून राहिले. आईने थर्मासमधला चहा दिला. जावयांनी घळीची खोली, खडकांचे वय वगैरे सांगण्यास सुरुवात केली, तेव्हा बाबांनी हातानेच थांबवले. नदी दिसते का, एवढेच विचारले. त्या जागेवरून ती दिसत नव्हती. पलीकडच्या बाजूला थोडे चालल्यास एका वळणावर तिची रेघ दिसते, असे एका पहारेकऱ्याने सांगितले. गाडी सुटायला चाळीस मिनिटे होती. बाबा उठले आणि जावयांचा हात धरून चालू लागले.